जुन्या इंजिनची टिकटिक: टॅपेटवर संशय घ्यायच्या आधी

जुनी गाडी स्लोला उभी असते, बोनेट वर असतं, आतून टिक टिक टिक येत असतं, आणि आजूबाजूला जो कोणी उभा असेल तो एकच सांगतो, टॅपेट वाजतायत. (टॅपेट म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह, म्हणजे झडपा, ढकलून उघडणारा भाग, त्याच्या आणि वॉल्व्हच्या मधली फट वाढली की तो वाजतो. ती फट मापून नीट करणं म्हणजे वॉल्व्ह सेट करणं.) मी पण हेच म्हणायचो. एकदा दोन रविवार घालवून आठच्या आठ वॉल्व्ह सेट केले, समाधान झालं नाही म्हणून परत सेट केले, आवाज जिथल्या तिथे. शेवटी सापडलं काय तर तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग, जो महिन्याभरापूर्वी मीच साफ करून परत बसवताना हाताने फिरवला आणि पाना लावायचा विसरलो. दर कॉम्प्रेशनला तिथून गॅस फुटत होता. पाव फेरा पाना मारला आणि इंजिन गप्प.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आवाज कुठून येतोय हे शोधायच्या आधी तो कधी येतो आणि किती वेगाने येतो हे शोधायचं. कारण लोखंड आवाज कुठूनही कुठेही नेतं, कान फसतात, पण वेळ आणि वेग सहसा फसवत नाहीत.

त्याच्याही आधी एक गोष्ट. आवाज बारीक, कोरडा, नखाने टेबल वाजवल्यासारखा आहे का, की खालून जड, हातोडी मारल्यासारखा ठक ठक येतोय? बारीक असेल तर सावकाश पुढे वाचा. जड असेल, गाडी गरम झाल्यावर वाढत असेल, साधारण दोन अडीच हजार आरपीएमला नेऊन अॅक्सिलरेटर सोडल्या सोडल्या जास्त ऐकू येत असेल, तर ते बहुतेक बिग एंडचं बेअरिंग आहे (पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, धरतो तिथलं) आणि मग प्रयोग करत बसायचं नाही. इंजिन बंद करायचं आणि गाडी ओढून न्यायची. ऑइलचा लाल दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तो दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर जवळपास संपल्यावरच लागतो. आवाज मोठा आहे की लहान यावरून घाबरायचं नसतं, जड आहे की हलका यावरून घाबरायचं. मोठ्याने टिकटिकणारी इंजिनं वर्षानुवर्षं चालतात, हळू आवाजात ठकठकणारं एक दिवस रॉड बाहेर काढतं.

आता ऑइल. कंटाळवाणं आहे माहितेय, पण पहिलं हेच. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच दहा मिनिटं थांबून, डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असं समजा, कारण हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने वॉल्व्हची फट आपोआप भरून काढणारे टॅपेट) असलेल्या इंजिनात ऑइल कमी झालं की पंप अधूनमधून हवा ओढतो, लिफ्टरमध्ये हवा गेली की तो दाबला जातो आणि टिकटिक सुरू. गंमत म्हणजे ऑइल जास्त झालं तरी हेच होतं, क्रँक त्यात बुडून त्याचा फेस करते आणि फेस म्हणजे हवाच. त्यामुळे आवाज येतोय म्हणून डोळे झाकून अजून एक लिटर ओतू नका.

डिपस्टिक नाकाजवळ पण न्या. पेट्रोलचा वास येतोय आणि लेव्हल आपोआप वाढलीय असं असेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, पेट्रोल थेट खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. ग्रेडही बघा. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० सांगितलेल्या जुन्या इंजिनात कोणी नवीन आणि भारी म्हणून ५डब्ल्यू-३० घातलं असेल तर गरम झाल्यावर ते वाजणारच. उलट केलंत तर थंडीत जाड ऑइल वर पोचायला वेळ लावतं.

बरं, आता वेळ. हे सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करायचं, दुपारी फिरून आल्यावर नाही. स्टार्टर मारा आणि फक्त ऐका. (बंद गॅरेजमध्ये नको, दार उघडं पाहिजे किंवा गाडी बाहेर पाहिजे, सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

दोन पाच सेकंद टिकटिक आणि मग शांत, असं असेल तर लिफ्टरमधलं ऑइल रात्रीतून खाली उतरतंय, किंवा ऑइल फिल्टरमधली रबरी चकती, जी ऑइल परत खाली वाहू देत नाही, ती कडक झालीय. फिल्टर चांगला बदलून बघा, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. तेवढ्याच वेळात टिकटिक नाही पण खडखड येत असेल आणि ती इंजिनाच्या पुढच्या टोकाकडून, तर टायमिंग चेन (क्रँकवरून वॉल्व्हची यंत्रणा फिरवणारी साखळी) आणि ती ताणून धरणारा टेन्शनर. तो वेगळा विषय आहे, आणि लांबणीवर टाकायचा नाही.

इंजिन थंड असताना जोरात, पाच दहा मिनिटांत कमी होत होत गायब, असं झालं तर दोघांवर संशय घ्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) आणि पिस्टन. मॅनिफोल्डची गॅस्केट जळली, स्टड तुटला किंवा बारीक चीर गेली की तिथून गॅस फुंकतो, आणि फुंकल्याचा आवाज ऐकायला अगदी टॅपेटसारखाच येतो, मी सांगतो चांगले चांगले फसतात. लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज जातो. पिस्टन स्लॅप, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं, तो पण इंजिन थंड असतानाच, पण तो जरा पोकळ, डब्यावर टिचकी मारल्यासारखा असतो आणि ब्लॉकच्या बाजूने येतो. जुन्या इंजिनाला तो असतोच थोडाफार, गरम झाल्यावर जात असेल तर त्याच्यासोबत जगता येतं.

आणि थंड असताना शांत, गरम झाल्यावर टिकटिक? मग परत ऑइल. पातळ झालंय, प्रेशर पडतंय, किंवा लिफ्टर झिजलाय. इथे अंदाज बांधू नका, ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावून बघा. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ढोबळ हिशोब, खरा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो.

आता वेग, माझा सगळ्यात आवडता भाग. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे फिरते तेव्हा कॅम (वॉल्व्ह उघडवणारा दांडा) एक फिरतो. म्हणजे वॉल्व्ह, रॉकर (कॅमचा धक्का वॉल्व्हवर पोचवणारा हात), लिफ्टर, मेकॅनिकल फ्युएल पंप हे सगळे क्रँकच्या निम्म्या वेगाने वाजणार, आणि पिस्टन, रॉड, फ्लायव्हील, पुली हे क्रँकच्या वेगाने. ८०० आरपीएमला क्रँकवाला आवाज सेकंदाला तेरा चौदा वेळा येतो, कॅमवाला साडेसहा ते सात वेळा. कानाने हे मोजता येत नाही, पण फोनने येतं. फोन इंजिनापासून हातभर लांब धरा, रेकॉर्ड करा, मग त्यातले फक्त ३ सेकंद घेऊन पाव स्पीडला वाजवा, ते १२ सेकंदांत पसरतात आणि आरामात मोजता येतात. ८०० ला वीस ठोके आले तर कॅमच्या बाजूचं कोणीतरी, चाळीस आले तर क्रँकच्या बाजूचं. मोजणीत एकदोन इकडेतिकडे झाले तरी चालतं, वीस आणि चाळीस यांच्यात गोंधळ होत नाही. ठोके मोजताच येत नाहीत, शिलाई मशीनसारखी सलग घरघर आहे, तर एकच नाही बरेच वॉल्व्ह वाजतायत किंवा पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. एक्झॉस्टची फट आणि ढिला प्लग पण एका सिलिंडरचा असेल तर निम्म्याच वेगाने येतो हे लक्षात ठेवा, नाहीतर माझ्यासारखं होईल, वीस मोजले आणि लगेच टॅपेट कव्हर उघडलं.

डिस्ट्रिब्युटरची (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा भाग असलेली) गाडी असेल आणि टायमिंग लाइट (प्लग पेटला की लुकलुकणारा दिवा) असेल तर मोजायची पण गरज नाही. लाइटची क्लिप एका प्लगच्या वायरला लावा. त्या गाडीत प्रत्येक प्लग दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे लाइट कॅमच्या तालावर लुकलुकणार. एका लुकलुकीला एक टिक, तर वरचं काम. एका लुकलुकीला दोन, तर खालचं. अंधारात उभं राहून बघायला मजा येते, खरंच.

अंधारात उभे आहातच तर प्लगच्या वायरींकडे पण बघून घ्या. जुन्या वायरीतून करंट बाहेर उडत असेल तर निळसर ठिणगी दिसते आणि तिचा आवाज चट चट असा, टिकटिकीला अगदी जवळचा. वायरीला हात लावू नका, नुसतं बघा.

मग जागा शोधणं. दोन हत्यारं लागतात, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक हातभर रबरी पाइप. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या भागावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला दाबायची. हे लोखंडातून येणारे आवाज ऐकायला. पाइपचं एक टोक कानाजवळ आणि दुसरं हवेतच मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून, प्लगच्या बुडाशी हळूहळू फिरवायचं, हे फुंकण्याचे आवाज ऐकायला, आणि गॅस जिथून फुटतो तिथे पाइपातून एकदम कानात फाट फाट येतं, इतकं की दचकायला होतं. बाह्या वर, गळ्यात लोंबणारं काही नको, केस बांधलेले, आणि पंख्यापासून लांब. इलेक्ट्रिक पंखा तर इंजिन बंद असताना पण अचानक फिरतो.

मॅनिफोल्डवर संशय असेल तर डोळ्यांनी पण कळतं, गॅस्केटच्या कडेला काळी काजळी साचलेली असते. प्लगसाठी सोपं, इंजिन थंड असताना साबणाचं पाणी प्लगच्या बुडाशी ओतून स्टार्ट करा, बुडबुडे आले की सापडला. मला ही युक्ती कोणी आधी सांगितली असती तर दोन रविवार वाचले असते.

काही आवाज निर्दोष असतात आणि उगाच मार खातात. इंजेक्टर टिकटिकतातच, ते त्यांचं कामच आहे, स्क्रू ड्रायव्हर लावून प्रत्येकावर ऐका, सगळे सारखे वाजत असतील तर सोडून द्या, एखादा वेगळा किंवा मुका असेल तर तो बघा. पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज वॉल्व्ह असतो, छोटा, प्लास्टिकचा, त्याच्या पाइपामुळे आवाज भलतीकडूनच येतो. दोन बोटांत धरलात तर टिकटिक बोटांना जाणवते. कनेक्टर काढून आवाज थांबला तर तोच, परत लावा आणि विसरा. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा दांडा ढिला झाला तर तो बरोब्बर टॅपेटच्या तालावर वाजतो आणि ब्लॉकच्या बाजूला असतो, स्क्रू ड्रायव्हर त्याच्यावर टेकवून बघितल्याशिवाय वर जाऊ नका. पुढचा बेल्ट पण बघा, एखादी रिब तुटून लोंबत असेल तर दर फेऱ्याला फटका मारते. शंका असेल तर इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि जेमतेम वीस सेकंद चालू करून ऐका, जास्त नको कारण कित्येक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. ऑटोमॅटिक गाडीत मागून, गिअरबॉक्सच्या सांध्यातून टिकटिक येत असेल तर फ्लेक्सप्लेटला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी पातळ चकती) चीर किंवा तिचे बोल्ट ढिले. आणि हो, आवाज फक्त गाडी चालताना येत असेल आणि उभी असताना नाही, तर आधी टायर बघा, खडा अडकलेला असतो. हसू नका.

आता एकेक सिलिंडर बंद करून बघायची चाचणी. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढून तिचं टोक बॉडीला अर्थ करायचं आणि मग स्टार्ट, मोकळी लोंबत ठेवायची नाही, कॉइल जाते. सिलिंडर बंद केल्यावर आवाज दबला किंवा बदलला तर तो ज्वलनाच्या दाबाशी बांधलेला आहे, म्हणजे रॉड, पिस्टन किंवा गॅसची फट. काहीच फरक पडला नाही, टिकटिक तशीच, तर मग खरंच वॉल्व्हची बाजू. इथपर्यंत आल्यावरच टॅपेट कव्हर उघडायचं, आधी नाही.

हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर बहुतेक इंजिनांत सेट करायला काही नसतंच. ऑइल आणि फिल्टर बदला, पाचशे हजार किलोमीटर चालवा, परत बदला. कित्येक चिकटलेले लिफ्टर एवढ्याने सुटतात. फ्लश नावाची बाटली ओतायला मला तरी भीती वाटते, जुन्या इंजिनातला गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर टिकटिकीच्या बदल्यात इंजिनच जायचं. दोनदा ऑइल बदलून पण तोच एक लिफ्टर वाजत असेल तर तो झिजलाय, किंवा त्याच्याखालचा कॅमचा लोब (त्याला ढकलणारा उंचवटा) घासलाय, आणि मग खोलावं लागतं.

साधे स्क्रूवाले टॅपेट असतील तर मात्र घरी करता येतं. मॅन्युअलमधला फटीचा आकडा आधी बघा आणि तो थंड इंजिनाचा की गरम हे पण बघा. बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास, एक्झॉस्टला सहसा इनलेटपेक्षा जास्त, कारण तो वॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. प्लग चारही काढा, इंजिन हाताने हलकं फिरतं (मी काढले नव्हते, आळस, काढले असते तर ढिला प्लग पहिल्याच रविवारी हातात आला असता). क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात चौथ्याचे दोन वॉल्व्ह बघत राहा, एक मिटत असतो तेवढ्यात दुसरा उघडायला लागतो, त्या क्षणी थांबा. आता पहिल्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले आणि रॉकर मोकळे, ते सेट करा. पहिला हलतो तेव्हा चौथा, दुसरा हलतो तेव्हा तिसरा, तिसरा हलतो तेव्हा दुसरा.

फीलर गेजचा पत्ता (फट मापायची ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) रॉकर आणि वॉल्व्हच्या मध्ये घाला. ओढताना जरा घासत यायला पाहिजे, अडकायला नको आणि हवेत फिरल्यासारखा पण नको. लॉक नट ढिला, स्क्रू फिरवा, स्क्रू धरून ठेवून नट घट्ट, आणि परत मापा, कारण नट घट्ट करताना फट बदलतेच बदलते. खात्रीसाठी ०.०५ ने जाड पत्ता घालून बघा, तो जायला नको.

एक चकवा सांगतो. माप बरोबर येतं, तरी तो एकच टॅपेट वाजतो. रॉकरच्या टोकाकडे उजेड धरून बघा, वर्षानुवर्षं वॉल्व्हच्या दांडीवर आपटून तिथे छोटासा खळगा पडलेला असतो. सपाट पत्ता त्या खळग्याच्या काठांवर टेकतो, आत शिरत नाही, म्हणजे तुम्ही मापलेल्या फटीपेक्षा खरी फट जास्त असते. नखाने चाचपलात तर काठ लागतो. मग रॉकर बदला किंवा घासून सपाट करून घ्या, पण आवाज बंद व्हावा म्हणून फट आकड्याच्या खाली आणू नका. हीच चूक सगळ्यात जास्त केली जाते. फट कमी पडली की गरम झाल्यावर एक्झॉस्ट वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटमधून बाहेर जायचा रस्ता बंद होतो आणि वॉल्व्ह जळतो. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी, घट्ट बसलेला गुपचूप वॉल्व्ह जाळतो.

सगळं झाल्यावर प्रत्येक वॉल्व्हचं आधीचं आणि नंतरचं माप वहीत लिहा, तारीख आणि किलोमीटर टाकून. पुढच्या खेपेला एकाच वॉल्व्हची फट परत वाढलेली दिसली तर कॅमचा लोब किंवा रॉकर झिजतोय, आणि एखाद्याची फट दर वेळी कमी होत असेल तर तो वॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. प्लग परत लावताना आधी हाताने, मग पान्याने, चारही. कव्हरची गॅस्केट नवी टाका, कव्हर बसवा आणि स्टार्ट करा. पहिली काही मिनिटं जळका वास येईल, तो मॅनिफोल्डवर सांडलेल्या ऑइलचा, घाबरू नका, पण दहा मिनिटांनी पण येत असेल तर कव्हरच्या कडेला हात न लावता टॉर्च मारून गळतंय का ते बघा.